घरघंटीला जाड जाळी लावली म्हणून तिची रोलर मिल होत नाही

"घरघंटी आहे ना, मग रव्याची जाळी लावायची की झालं!" बिअरसाठी मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, भरडायचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. अंधेरीच्या मायक्रोब्रुअरीत नव्याने चिकटलेला पोरगा टाकतो, आणि न्यू जर्सीत हौसेने घरी बिअर बनवणारा आतेभाऊही फोनवर तेच विचारतो. तोंडावर नाही म्हटलं तरी दोघांनाही पटत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी एक खुलासा. आतेभाऊ अमेरिकेत आहे म्हणून बनवतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणं १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती स्वतःपुरती पाच लिटर का असेना. तेव्हा घरच्या बिअरबद्दल पुढे जे येईल ते जिथे कायद्याची आडकाठी नाही तिथल्यांसाठी. आपल्याकडे हे सगळं परवानाधारक ब्रुअरीतच.

घरघंटीबद्दल काय सांगायचं, ती तुम्हाला माझ्याइतकीच माहीत आहे. आत फिरणारी पाती, भोवती जाळी, बारीक छिद्राची जाळी पोळीच्या पिठाला आणि मोठ्या छिद्राची रव्याला. नाक्यावरच्या गिरणीत पात्यांच्या जागी दगड.

मॉल्ट भरडायची रोलर मिल त्याहून साधी. दोन पोलादी रूळ शेजारी शेजारी, पृष्ठभागावर खाचा, मध्ये बारीक फट, वर दाणे ओतायचं हॉपर. दाणा फटीत सापडतो, चेपतो, फुटतो आणि खाली पडतो. जाळी नाही, दुसरी फेरी नाही.

आता मुद्द्याचं. लोकांना वाटतं, फरक जाड आणि बारीक इतकाच आहे: घरघंटी बारीक दळते, रोलर मिल जाड दळते, मग घरघंटीही जाड दळायला लावू. सगळा घोळ इथेच होतो. बिअरला दाणा किती बारीक झाला यापेक्षा त्याच्या सालाचं काय झालं हे जास्त महत्त्वाचं.

बार्लीचं साल गव्हासारखं मळणीत सुटत नाही, दाण्याला चिकटूनच राहतं. दाण्याच्या वजनाचा साधारण दहावा भाग तेच असतं. मॉल्ट झालेल्या दाण्याचा गाभा मात्र ठिसूळ, दाताखाली सहज चुरणारा. आपल्याला हवं काय, तर गाभ्याचे तुकडे व्हावेत आणि साल शक्य तितकं अख्खं राहावं. आजीच्या काळी जात्यावर डाळ भरडायचे तसं: दाणा फुटायला हवा, पण पीठ पडायला नको.

साल अख्खं कशाला? भरडलेला मॉल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर राहतो. तेवढ्या वेळात त्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. मग ते गोड पाणी, म्हणजे वर्ट, भांड्याच्या तळातून काढून घ्यायचं असतं. तळाला छिद्रांची ताटली असते, पण ती नुसता आधार देते. खरी गाळणी सालांची. ती एकमेकांवर आडवीतिडवी बसतात आणि मधल्या पोकळ्यांतून वर्ट निवळत खाली उतरतो. सालाचा भुसा झाला की पोकळ्या बुजतात, भांड्यात लापशीसारखा गच्च लगदा बसतो आणि नळ उघडला तरी थेंब पडत नाही. मग माणूस वैतागून ढवळतो, वरून आणखी गरम पाणी ओततो. ते पाणी ७७-७८ अंशांच्या वर गेलं आणि लगद्याची आम्लता कमी होत गेली की सालातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, सुटतं. बारीक भुशातून ते आणखी सहज सुटतं. बिअर तुरट होते आणि बिअरला कडूपणा देणाऱ्या बिचाऱ्या हॉप्सच्या फुलांवर खापर फुटतं.

"अहो, म्हणूनच तर जाड जाळी म्हणतोय!" थांबा. घरघंटीत दाणा कधी बाहेर पडतो? जाळीच्या छिद्रातून जाण्याइतका लहान झाल्यावर. तोवर तो आत पात्यांचा मार खात राहतो. गाभा ठिसूळ, तो पहिल्या एकदोन फटक्यांतच फुटून निघून जातो. साल पातळ, रुंद आणि चिवट. ते छिद्रातून जात नाही, म्हणून आतच अडकतं आणि छिद्राएवढं होईपर्यंत कुटलं जातं. म्हणजे जे अख्खं राहायला हवं, यंत्र नेमकं तेच सर्वांत जास्त वेळ कुटतं. बाहेर येतो तो माल दिसायला छान रव्यासारखा, पण त्यात सालाचा चुरा आणि बरंचसं पीठ.

मग छिद्र आणखी मोठं करू? दाण्याची जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास. ज्या छिद्रातून साल अख्खं निसटेल, त्यातून दाणाही उभा होऊन न फुटता निसटेल. म्हणजे कुठलीही जाळी लावा, हे जमणार नाही. दगडाच्या गिरणीची तऱ्हा वेगळी पण गत तीच: दगड दाण्याला घासतो, साल फाटतं, आणि दगड दूर केले तर काही दाणे अख्खेच निघतात. शिवाय तुमच्या बार्लीनंतर ज्यांची ज्वारी दळायला पडेल, त्यांच्या घरी कुणाला ग्लुटेन चालत नसेल तर त्यांनी काय करायचं? गिरणीवाल्याने नाही म्हटलं तर तो बरोबरच आहे.

हुशार माणूस इथे विचारतो, काही मोठ्या ब्रुअऱ्यांत तर फिरत्या हातोड्यांनी कुटणारी हॅमर मिल असते, ती कशी चालते? चालते, कारण तिथे मॅश फिल्टर असतो. कापडाच्या पडद्यांतून लगदा दाबून पिळतात, सालाच्या गाळणीची गरजच नसते. त्याच न्यायाने घरी सगळा मॉल्ट कापडी पिशवीत घालून भिजवणार असाल तर घरघंटी निभावून नेईल. आतेभावाला मी तेच सांगितलं: पिशवी वापरणार असलास तर खुशाल वापर, पुढेमागे नळाचं भांडं घेणार असलास तर आताच रोलर मिल घे. गव्हाचं साल मळणीतच गेलेलं असतं, त्यामुळे नळाच्या भांड्यात गव्हाचं प्रमाण जास्त असेल तर मिल कोणतीही असो, मॉल्टमध्ये भाताचा तूस मिसळून गाळणी उभी करणं बरं.

रोलर मिल घेतल्यावर खरं काम फटीचं. बार्लीला साधारण एक मिलिमीटर, गव्हाचा दाणा लहान आणि कडक म्हणून ०.७ ते ०.८. कृपा करून एटीएम कार्ड घालून फट मोजू नका. हा सल्ला सगळीकडे फिरतो आणि माझं डोकं फिरवतो. कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर, म्हणजे बार्लीला ती फट घट्टच झाली. मुंबईत नागदेवीला हत्यारांच्या दुकानांत फीलर गेज मिळतो, मेकॅनिक फट मोजायला वापरतात तो ठरावीक जाडीच्या पट्ट्यांचा जुडगा. त्याने रुळांच्या दोन्ही टोकांना मोजा, कारण एका बाजूला फट जास्त असली की तिकडून अख्खे दाणे सुटतात. मग मूठभर मॉल्ट भरडून ताटात पसरा. अख्खा दाणा दिसता कामा नये, आणि साल उचलल्यावर ते रिकाम्या टरफलासारखं हातात यायला हवं. थोडं पीठ पडणारच, त्याची काळजी नको.

रूळ दोन की तीन, यावर लोक तासन्‌तास भांडतात. दोन पुरतात. रूळ फिरवायला ड्रिल लावणार असाल तर मात्र सावकाश फिरवा. पूर्ण वेगात रूळही साल फाडतात, मग पैसे घालून काय मिळवलं?

साल आणखी चिवट हवं असेल तर पाच किलो मॉल्टवर शंभर मिलिलिटर पाणी फवारा, हलवून दहा मिनिटं ठेवा आणि मग भरडा. यावर मुंबईकर हमखास म्हणतो, पावसाळ्यात हवेनेच मॉल्ट ओला होतो की, आयतं काम झालं. नाही झालं. फवारल्याने फक्त साल ओलसर होतं, गाभा कोरडा राहतो. जुलैत उघड्या पोत्यात सादळलेल्या मॉल्टचा गाभाच चामट होतो, तो फुटत नाही, नुसता चपटा होतो. मॉल्ट घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा.

भरडायला बसाल तर आंबवणाच्या भांड्यापासून लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत. मॉल्टच्या धुळीत लॅक्टोबॅसिलस जिवाणू भरपूर असतात आणि ते बिअर आंबट करतात. काम झालं की रूळ कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुऊ नका. साध्या पोलादाचे असतील तर आपल्या खाऱ्या हवेत ते आधीच गंजायला टेकलेले असतात.