स्की सहलीचे नियोजन : मराठवाड्यातून

स्की सहल म्हणजे बर्फाच्या डोंगरावर काही दिवस एकाच ठिकाणी मुक्काम करून, पायांना लांब, अरुंद पट्ट्या (स्की) अडकवून उतारावरून घसरण्यासाठी किंवा ते शिकण्यासाठी केलेली सहल. ‘काही दिवस’ आणि ‘एकाच ठिकाणी’ हे या व्याख्येतले कळीचे शब्द. मराठवाड्यातून काश्मीरला जाणाऱ्या कुटुंबांच्या सात-आठ दिवसांच्या कार्यक्रमात गुलमर्ग हा बहुधा एका दिवसाचा ‘पॉइंट’ असतो. सकाळी श्रीनगरहून निघायचे, वाटेत भाड्याचा कोट आणि गमबूट चढवायचे, गोंडोलात (दोरीवरून डोंगरावर नेणाऱ्या बंद पाळण्यात) बसायचे, तासभर स्की अडकवून फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचे. यात बर्फ पाहून होतो, स्कीइंग होत नाही. सपाटीवर स्की घालून चालणे, पडल्यावर उठणे आणि हवे तिथे थांबणे एवढे जमायलाच नवशिक्याचा पहिला दिवस जातो. म्हणून आधी शिकण्याचे दिवस मोजावेत आणि प्रेक्षणीय स्थळांची यादी उरलेल्या वेळात बसवावी.

मोठ्या रिसॉर्टचा विस्तार

स्की रिसॉर्ट म्हणजे हॉटेल नव्हे. उतार, वर नेणाऱ्या लिफ्ट, शिकवणारी माणसे, साधने भाड्याने देणारी दुकाने, बचाव पथक आणि राहण्याची सोय हे सगळे मिळून रिसॉर्ट होते. फ्रान्समधील त्रुआ व्हाले (तीन दऱ्या) या एकमेकांना जोडलेल्या परिसरात सुमारे ६०० किलोमीटर लांबीचे आखलेले उतार आहेत, म्हणजे रस्त्याने नांदेड ते मुंबई जवळपास एवढे अंतर. कॅनडातील व्हिसलर ब्लॅककोम्ब हे दोन डोंगरांवर पसरलेले असून त्याचे क्षेत्र सुमारे ३,३०० हेक्टर आहे. २००८ पासून दोन्ही शिखरांना जोडणारा ४.४ किलोमीटरचा पाळणाही तिथे आहे.

हे आकडे मोहात पाडतात आणि नवशिक्याची निवड इथेच चुकते. पहिल्या पाच दिवसांत त्याला लागतो तो एक मंद, रुंद, रोज यंत्राने सारखा केलेला उतार, त्याला लागून एक साधी लिफ्ट आणि रोज तोच इन्स्ट्रक्टर. बाकीचा डोंगर त्याच्यासाठी देखावा असतो. रिसॉर्ट निवडताना सर्वांत उंच लिफ्ट कुठे जाते यापेक्षा शिकाऊ उतार मुक्कामापासून किती चालीवर आहे, हे विचारावे. जड स्की बूट घालून बर्फातून चालताना अर्धा किलोमीटरही लांब वाटतो.

उतारांची अवघडपणाची पातळी रंगांनी दाखवतात. युरोपात काही देशांत हिरवा सर्वांत सोपा, मग निळा, लाल आणि काळा. उत्तर अमेरिकेत हिरवे वर्तुळ, निळा चौकोन, काळी चौकट (पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची) आणि त्याहून अवघड दोन काळ्या चौकटी. मात्र हे रंग त्या त्या डोंगरापुरतेच खरे असतात. एका ठिकाणचा निळा दुसरीकडच्या लाल उताराएवढा कठीण निघू शकतो.

गुलमर्ग

मराठवाड्यातून जाणाऱ्यांसाठी पहिली निवड गुलमर्गच. बारामुल्ला जिल्ह्यातील हे पठार श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना केली आणि गुलमर्गला स्कीइंग रुजले. पुढे सैन्याने इथे १९४८ मध्ये सुरू केलेल्या स्की शाळेतून आजचे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल (उंच डोंगरावरील युद्धाचे प्रशिक्षण देणारी शाळा) उभे राहिले. नागरिकांना शिकवणारी भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थाही इथेच आहे.

गोंडोलाचे दोन टप्पे आहेत. १९९८ मध्ये सुरू झालेला पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत (सुमारे ३,०८० मीटर) नेतो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर पोहोचतो. तिकिटे ऑनलाइन आधीच काढावी लागतात. वारा किंवा हिमवृष्टी वाढली की दुसरा टप्पा बंद होतो, कधी सलग काही दिवस. नवशिक्यांचे त्याने काहीच बिघडत नाही, कारण त्यांचे उतार खाली, गावालगतच्या पठारावर आहेत. दुसऱ्या टप्प्यावरून खाली येणारा डोंगर यंत्राने सारखा केलेला नसतो. तो नैसर्गिक, खोल बर्फाचा आणि अनुभवी स्कीपटूंचा आहे.

उत्तराखंडातील औली हा दुसरा पर्याय. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा तिथे झाल्या आणि गढवाल मंडल विकास निगम तिथे सात व चौदा दिवसांचे वर्ग घेते. मात्र जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागल्यावर तिथून औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला. त्यामुळे निघण्याआधी त्याची आणि रस्त्याची ताजी स्थिती विचारूनच ठरवावे. मनालीजवळच्या सोलंगला बर्फ कमी दिवस टिकतो, तरी मनालीच्या गिर्यारोहण संस्थेचे स्की वर्ग तिथे होतात.

महिना कोणता

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलान’ (सर्वांत कडाक्याच्या थंडीचा काळ) म्हणतात. त्यामागून वीस दिवसांचे ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवसांचे ‘चिल्लई बच्चा’ येते. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ स्कीइंगला सर्वांत भरवशाचा मानला जातो. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात वरच्या भागात बर्फ असतो, पण दुपारी तो मऊ आणि जड होतो. अशा वेळी सकाळीच सराव उरकावा.

आता हे पंचांग मराठवाड्याच्या पंचांगाशी जुळवायचे. जानेवारीत तुरीची रास होते, ज्वारी हुरड्यात असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून ज्वारीची काढणी लागते. तेव्हा शेतकरी कुटुंबाला खरी मोकळीक मिळते ती तुरीनंतर आणि ज्वारीच्या आधी, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. सुदैवाने बर्फाचाही तोच ऐन काळ. घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर हा काळ बाद होतो. विशेषतः लातूर-नांदेडला शिकवणीसाठी खोली करून राहणाऱ्या मुलांच्या घरी तो विषयच काढता येत नाही. अशा घरांनी परीक्षा संपताच मार्चमधला आठवडा पाहावा किंवा सहल एक वर्ष पुढे ढकलावी. नाताळच्या सुट्टीत गर्दी आणि भाडी शिखरावर असतात, आणि बर्फ पडलेलाच असेल असे नाही.

बर्फाची अनिश्चितता कोरडवाहू शेती करणाऱ्याला वेगळी समजवावी लागत नाही. पहिल्या सरीवर पेरणी करणारा फसतो, तसाच पहिल्या हिमवृष्टीच्या बातमीवर तिकिटे काढणाराही फसतो. काश्मीरचा हिवाळी बर्फ भूमध्य सागराकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर (हिवाळ्यात पाऊस-बर्फ आणणाऱ्या हवामान प्रणालींवर) अवलंबून आहे. ते कमजोर पडले की डोंगर उघडा राहतो. जानेवारी २०२४ चा बराचसा काळ गुलमर्ग जवळपास कोरडे होते. २०२५ मध्ये बर्फाअभावी खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीतून मार्चमध्ये न्यावा लागला. म्हणून मुक्काम आणि वर्ग आरक्षित करताना तारीख बदलण्याची मुभा आहे का ते लेखी घ्यावे, मग भाडे थोडे जास्त पडले तरी चालेल.

दिवसांची आखणी

घर सोडल्यापासून घरी येईपर्यंत दहा दिवस धरावेत आणि त्यांतले पाच सलग दिवस उतारावर द्यावेत. पहिला पूर्ण दिवस विश्रांतीचा. हा दिवस वाया गेला असे वाटते, पण त्याला कारण आहे. नांदेड समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेतीनशे मीटरवर आहे, छत्रपती संभाजीनगर साडेपाचशेच्या आसपास. आपल्याकडची उंच जागा म्हणून ओळखले जाणारे म्हैसमाळही गुलमर्गच्या निम्म्या उंचीला पोहोचत नाही. २,५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे हे उंचीचे त्रास सुरू होऊ शकतात. गुलमर्गला पोहोचल्या दिवशीच अफरवटला जाणे म्हणजे शरीराला न विचारता त्याच्यावर आणखी १,३०० मीटर चढवणे. हृदयविकार, दमा किंवा वाढलेला रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. किनवट-माहूर पट्ट्यात सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आढळतात, आणि या आजाराचे केवळ वाहक असलेल्यांनाही जास्त उंचीवर प्लीहेला इजा होण्याचा धोका असतो. त्या भागातून जाणाऱ्यांनी रक्ततपासणी करूनच निघावे.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दोन-तीन तास वर्ग आणि दुपारी थोडा सराव पुरतो. पहिली शिकवण म्हणजे स्कीची टोके जवळ आणि मागची बाजू फाकवून वेग कमी करणे. त्यानंतर वळणे येतात. नवशिक्याची सर्वांत मोठी अडचण मागे झुकण्याची. शेतात ढेकळे फोडायच्या फळीवर उभा राहिलेला माणूस बैलांच्या ओढीला मागे रेलून तोल धरतो. स्कीवर तीच सवय नडते, कारण भार मागे गेला की पुढची टोके ऐकेनाशी होतात. नडग्या बुटाच्या जिभेवर टेकवून, गुडघे वाकवून उताराकडे झुकायचे असते. मन त्याला ठाम नकार देते आणि तो नकार मोडायला बहुतेकांना तिसरा दिवस उजाडतो. एका दिवसात परतणाऱ्याला हा क्षण कधी भेटतच नाही, याचे वाईट वाटते.

निघण्याआधी सहा आठवडे मांड्या आणि गुडघे तयार करावेत. रोज बैठका, जिने, आणि जवळ असेल त्यांनी रविवारी देवगिरीचा किल्ला चढून उतरावा. उतरणे जास्त महत्त्वाचे. स्कीवर गुडघ्याच्या दुखापती सर्वांत जास्त होतात, आणि त्या बऱ्याचदा दमलेल्या पायांनी शेवटची एक फेरी मारताना होतात.

कपडे आणि साधने

स्की, बूट, पोल (हातातल्या काठ्या) आणि हेल्मेट तिथेच भाड्याने मिळतात, विकत घेऊ नयेत. बूट मात्र घाई न करता निवडावेत. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकी टेकावीत, गुडघे वाकवल्यावर मागे सरकावीत आणि टाच उचलली जाऊ नये. दोन जाड मोज्यांपेक्षा एकच पातळ, लांब मोजा ऊबदार ठरतो, कारण घट्ट बुटात रक्त फिरत नाही. बूट स्कीला धरून ठेवणारी बाइंडिंग पडताना सुटली नाही तर पाय पिरगळतो. ती वजन, उंची, वय आणि कौशल्यानुसार जुळवतात. दुकानदाराला वजन खरे सांगावे.

अंगाला चिकटून बसणारा, घाम शोषून न धरणारा थर, त्यावर उबेचा, त्यावर वारा-पाणी अडवणारा, असे तीन थर पुरतात. सुती बनियन टाळावे. एकदा भिजले की ते वाळत नाही. परभणीत काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांखाली गेला आहे, त्यामुळे थंडी आपल्याला अगदीच अनोळखी नाही. अनोळखी आहे ते बर्फावरचे ऊन. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. हनुवटीखालची कातडीही भाजते आणि गॉगल नसेल तर डोळे सुजून दोन दिवस उघडत नाहीत.

हिमस्खलन

फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गला सराव करणाऱ्या सैन्याच्या तुकडीवर हिमकडा कोसळून १७ जवान मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रशियन स्कीपटूचा असाच अंत झाला. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, ताज्या हिमवृष्टीनंतर होतात, आणि गाडल्या गेलेल्याची जगण्याची शक्यता पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. इतक्या वेळात शोध घेऊ शकतात ते फक्त सोबतचे लोक. म्हणून आखलेल्या हद्दीबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाजवळ शोध-यंत्र (गाडल्या गेलेल्याचा संकेत पकडणारे), बर्फात खुपसून शोधायची सळई आणि फावडे हवे, ते वापरता यायला हवे, आणि स्थानिक वाटाड्या हवा. नवशिक्याने हद्दीच्या दोरीपलीकडे पाऊल टाकू नये.

वाट

छत्रपती संभाजीनगरहून दिल्ली किंवा मुंबईमार्गे श्रीनगरला विमानाने जाता येते. रेल्वेने जाणाऱ्यांसाठी नांदेडहून रोज सुटणारी सचखंड एक्सप्रेस परभणी, जालना, संभाजीनगर करत अमृतसरला पोहोचवते. तिथून जम्मू-कटरा गाठावे. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर थेट रेल्वे धावते आणि ३५९ मीटर उंचीच्या चिनाब पुलावरून जाते. रामबनजवळ दरडी कोसळून महामार्ग अडतो, तेव्हा या गाडीचा मोठा आधार वाटतो. श्रीनगरहून तंगमर्गपर्यंत कोणतीही गाडी जाते. पुढचे १३ किलोमीटर बर्फ असताना चाकांना साखळी लावलेल्या गाडीनेच जावे लागते, हे भाडे वेगळे पडते.

मोबाइलचे सिम पोस्टपेड हवे, बाहेरच्या राज्यातले प्रीपेड तिथे चालत नाही. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि कारळाची चटणी सोबत असली की संध्याकाळी दमून आलेल्या मुलांचे पोट भरते. स्की न करणाऱ्या थोरामोठ्यांसाठी गोंडोलाचा पहिला टप्पा आणि कहवा (काश्मिरी चहा) पुरेसा आहे. त्यांना दुसऱ्या टप्प्याचा आग्रह करू नये. एप्रिल २०२५ च्या पहलगामच्या हल्ल्यानंतर काश्मीरमधील अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद ठेवण्यात आली होती, तेव्हा प्रशासनाच्या सूचना निघण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहाव्यात.

परतीच्या विमानाआधी एक दिवस श्रीनगरला मोकळा ठेवावा, कारण हिमवृष्टीत विमाने रद्द होतात. विमा काढताना साहसी खेळ आणि डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे पॉलिसीत शोधून वाचावे. साध्या प्रवास विम्यातून हे दोन्ही बरेचदा वगळलेले असतात.