चांदी 961.78 अंशांना वितळते, हे ठरलं कसं?

चांदीचा द्रवणांक 961.78 अंश सेल्सिअस, सोन्याचा 1064.18, तांब्याचा 1084.62. अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्र छापील तक्त्यांत यांचा क्रमसुद्धा चुकीचा होता.

अडचण मोजण्याची होती. पारा 357 अंशांना उकळतो. त्यापुढे भट्टीवाल्याचा भरवसा डोळ्यावर: काळपट लाल, नारिंगी, पिवळा, पांढरा. इंग्लंडमधला मातीच्या भांड्यांचा कारखानदार जोसाया वेजवूड याने 1782 साली एक तोडगा मांडला. मातीची छोटी कांडी भट्टीत ठेवायची आणि निवल्यावर पितळी पट्ट्यांमधल्या निमुळत्या खाचेत सरकवायची. कांडी जितकी आटली असेल, तितकी ती खोल जाते. पण माती नुसत्या तापमानाने आटत नाही. आचेवर किती वेळ राहिली, माती कुठल्या खाणीतली, यावरही आटणं ठरतं. त्यामुळे वेजवूडच्या हिशोबाने बीड वितळायला 17,977 अंश फॅरेनहाइट, म्हणजे जवळपास 10,000 अंश सेल्सिअस लागत होते. प्रत्यक्षात 1,200 च्या आसपास पुरतात. त्याच्या तक्त्यात तांबं चांदीच्याही आधी वितळतं.

यातून वाट काढली बनारसच्या टांकसाळीत. तिथे कस तपासणारा अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने 1828 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आपली पद्धत मांडली. (पुढे ब्राह्मी लिपी वाचणारा तो हाच, नाणेघाट, कार्ले, नाशिकचे लेख वाचता आले ते त्याच वाचनामुळे.) शुद्ध धातू दरवेळी त्याच तापमानाला वितळतो, मग त्यालाच माप का करू नये? चांदीत दर पायरीला दहा टक्के सोनं वाढवत त्याने चांदी ते सोनं अशा दहा पायऱ्या केल्या. पुढे सोन्यात एकेक टक्का प्लॅटिनम. टाचणीच्या डोक्याएवढे चपटे कण भट्टीत ठेवायचे, कुठल्या कणाची गोळी झाली आणि कुठला तसाच राहिला ते पाहायचं. वितळलेली गोळी हातोडीने चपटी केली की पुन्हा वापरता येते. सोन्याच्या फुग्यातल्या हवेचं प्रसरण मोजून त्याने चांदीचा द्रवणांक 1,830 फॅरेनहाइट, म्हणजे 999 सेल्सिअस काढला. आजच्या आकड्यापेक्षा 37 अंश जास्त, पण वेजवूडच्या 4,717 फॅरेनहाइटपुढे ही झेप फार मोठी आहे.

या पद्धतीतही एक खोट होती. मिश्रधातू एका बिंदूवर वितळत नाही, मऊ पडायला लागल्यापासून पूर्ण पातळ होईपर्यंत मधे अंतर असतं. सोनं-चांदीत ते नगण्य, सोनं-प्लॅटिनममध्ये बरंच मोठं. म्हणून वरच्या पायऱ्या डळमळीत.

1880 च्या दशकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए याने प्लॅटिनम आणि प्लॅटिनम-रोडियमच्या तारांची जोडी रुळवली आणि जोड तापला की तारांत उपजणाऱ्या विजेच्या दाबावरून तापमान वाचता येऊ लागलं. पण त्या तारांनाही खूण लागतेच, आणि ती पुन्हा धातूच देतो. 1990 च्या आंतरराष्ट्रीय तापमान मापनश्रेणीत चांदी, सोनं, तांबं हे ठरवून दिलेले बिंदू आहेत. तिथे वितळणं नव्हे, गोठणं धरतात. शुद्ध चांदी ग्राफाइटच्या मुशीत वितळवून सावकाश निववली की गोठत असताना तापमान बराच वेळ एका जागी थांबून राहतं. मूस उघड्या हवेत ठेवली तर पातळ चांदी ऑक्सिजन पिते आणि हा बिंदू सुमारे 10 अंशांनी खाली येतो. म्हणून मुशीवर आर्गॉन हा निष्क्रिय वायू सोडतात.