क्रियाविशेषणाचे मध्यस्थान, इंग्रजीतील

इंग्रजी वाक्यात कर्ता म्हणून आलेले सर्वनाम आणि क्रियापद यांच्या दरम्यान क्रियाविशेषणासाठी जी जागा असते, तिला मध्यस्थान म्हणतात. 'आय ऑफन वॉक', 'शी प्रॉबॅब्ली नोज', 'दे जस्ट लेफ्ट' यांसारखी रोजच्या बोलण्यातील वाक्ये हे तिचे सर्वांत साधे रूप होय. वारंवारता, शक्यता, काळाचा सापेक्ष संदर्भ किंवा भर दाखवणारी आखूड क्रियाविशेषणे, उदाहरणार्थ ऑलवेज, नेव्हर, प्रॉबॅब्ली, ऑलरेडी, स्टिल, रिअली, या जागी सहज बसतात. यस्टर्डे किंवा हिअर यांसारखी निश्चित काळ वा स्थळ सांगणारी क्रियाविशेषणे बोलण्यात तेथे येत नाहीत.

ही जागा सर्वनामापासून मोजावी की क्रियापदापासून, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नियम सर्वनामाच्या बाजूने सांगितला, तर तो लगेच तोकडा पडतो. 'आय नेव्हर सॉ इट' या वाक्यात नेव्हर सर्वनामाला लागून आहे. परंतु 'आय हॅव नेव्हर सीन इट' मध्ये ते सहायक क्रियापदानंतर सरकते आणि 'आय अ‍ॅम नेव्हर लेट' मध्ये बी या क्रियापदाच्या पलीकडे जाते. एकाहून अधिक सहायक क्रियापदे असल्यास ते बहुधा पहिल्यानंतर येते. १९८५ साली क्वर्क, ग्रीनबॉम, लीच व स्वार्टविक यांनी सिद्ध केलेल्या बृहद्व्याकरणात या मध्यस्थानाचे बारकाईने पोटभाग पाडून कर्ता व पहिले सहायक क्रियापद यांमधील जागा वेगळी दाखवली आहे. हडलस्टन व पुलम यांचे २००२ मधील व्याकरण मात्र एकाच मध्यवर्ती स्थानाची कल्पना पुरेशी मानते. अध्यापनाच्या दृष्टीने दुसरी मांडणी सुटसुटीत असली, तरी बोलीतील वापर नीट समजण्यास पहिली अधिक उपयोगी आहे.

याचे कारण असे की, सहायक क्रियापदाच्या आधीची जागा बोलताना निरुपयोगी ठरत नाही. 'तू तिला सांगितलेस का?' या अर्थाच्या प्रश्नाला पूर्ण वाक्यात उत्तर देताना इंग्रजी भाषक 'आयव्ह ऑलरेडी टोल्ड हर' असे म्हणतो. पण 'टोल्ड हर' हे शब्द गाळले, की तोच भाषक 'आय ऑलरेडी हॅव' असे म्हणतो. क्रियाविशेषण सर्वनामाकडे सरकते, हॅव पूर्ण उच्चारले जाते आणि आघातही त्याच्यावर पडतो. पुढचे शब्द गळाल्यावर सहायक क्रियापदाचा संक्षेप (आय हॅवचे आयव्ह) होऊ शकत नाही, आणि सर्वनामाशी जोडला गेलेला संक्षेप व ते सर्वनाम यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालता येत नाही, या दोन गोष्टींतून हा पालट बराचसा उलगडतो. भर देण्यासाठीही हीच रचना वापरतात. 'आय रिअली अ‍ॅम सॉरी' हे 'आयॅम रिअली सॉरी' याहून आग्रही वाटते. अमेरिकन इंग्रजीत असा भर नसतानाही क्रियाविशेषण सहायक क्रियापदाच्या आधी ठेवण्याची प्रवृत्ती ब्रिटिश इंग्रजीपेक्षा जास्त आढळते.

नकारासोबत स्थान बदलल्यास अर्थही बदलतो. 'आय रिअली डोन्ट नो' म्हणजे मला खरोखरच माहीत नाही. 'आय डोन्ट रिअली नो' म्हणजे मला तितकेसे माहीत नाही. पहिल्यात क्रियाविशेषण नकाराला कवेत घेते, दुसऱ्यात नकार क्रियाविशेषणाला. भाषाशास्त्रज्ञ रे जॅकेनडॉफ यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, की काही क्रियाविशेषणांचा अर्थ केवळ स्थानामुळे कर्त्याकडे वा क्रियेकडे झुकतो. 'ही वाइजली आन्सर्ड' यात उत्तर देण्याचा निर्णय शहाणपणाचा ठरतो, तर 'ही आन्सर्ड वाइजली' यात दिलेले उत्तर शहाणपणाचे ठरते.

ही जागा निर्माण कशी झाली, यावर मोठी चर्चा झाली आहे. फ्रेंचमध्ये क्रियापद वारंवारतादर्शक क्रियाविशेषणाच्या आधी येते, म्हणजे 'मी चालतो अनेकदा' असा क्रम लागतो; इंग्रजीत मात्र 'आय वॉक ऑफन द डॉग' यासारखी, क्रियापद व कर्म यांना तोडणारी रचना अग्राह्य ठरते. जोसेफ एमंड्स यांनी १९७८ मध्ये आणि झाँ-इव्ह पोलॉक यांनी १९८९ मध्ये या फरकाचे स्पष्टीकरण असे दिले, की क्रियाविशेषण दोन्ही भाषांत एकाच ठिकाणी असते, सरकते ते क्रियापद. फ्रेंच क्रियापद वर, म्हणजे कर्त्याच्या दिशेने, जाऊन क्रियाविशेषणाला ओलांडते, इंग्रजी मुख्य क्रियापद जागेवरच राहते. फक्त बी आणि सहायक हॅव यांना ओलांडण्याची मुभा आहे. वर दिलेला 'आय अ‍ॅम नेव्हर लेट' चा अपवाद या उपपत्तीत अपवाद राहत नाही, हे तिचे मोठे बळ होय.

पूर्वीच्या इंग्रजीतही क्रियापद असेच सरकत असे. 'आय नो नॉट' ही रचना सतराव्या शतकापर्यंत सर्रास आढळते. हे सरकणे केव्हा थांबले, याविषयी एकमत नाही. अल्व्हार एलेगोर्ड यांनी १९५३ मध्ये डू या ('आय डोन्ट नो' मधील) सहायक क्रियापदाच्या प्रसाराची विस्तृत आकडेवारी जमवली. तिचा आधार घेऊन अँथनी क्रॉक यांनी १९८९ मध्ये डूचा प्रसार आणि नेव्हरचे क्रियापदाआधी येणे हे दोन्ही बदल एकाच मूळ बदलाशी जोडले. एरिक हेबर्ली व तबेआ इहसाने यांनी २०१६ मध्ये मात्र ही दोन पावले वेगळी मानली: क्रियाविशेषणाच्या बाबतीतला बदल साधारणपणे सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बराचसा पूर्ण झाला होता आणि नकाराच्या बाबतीतला पुष्कळ नंतर झाला. दोन्ही क्रमांच्या पुराव्यातील अंतर पाहता हे मत अधिक पटण्याजोगे वाटते. तथापि मध्ययुगीन इंग्रजीतही क्रियाविशेषण कधीकधी क्रियापदाआधी येत असल्याने एखाददुसऱ्या वाक्यावरून कालनिश्चिती करणे धोक्याचे आहे.

याच जागेशी निगडित असलेला उत्तरेकडील कर्तानियम स्वतंत्रपणे पाहण्यासारखा आहे. उत्तर इंग्लंड व स्कॉटलंड येथील बोलींत वर्तमानकाळी क्रियापदाला स प्रत्यय लागणे हे कर्ता कोणत्या प्रकारचा आहे यावर अवलंबून असे. जेम्स मरी यांनी १८७३ मध्ये दक्षिण स्कॉटलंडच्या बोलीचे वर्णन करताना नोंदवले, की सर्वनाम क्रियापदाला लागून असेल तर प्रत्यय लागत नाही. कर्ता नाम असेल किंवा कर्ता व क्रियापद एकमेकांपासून दुरावले असतील, तर लागतो. म्हणजे 'दे कम' पण 'द बर्ड्ज कम्स'. आणि मध्ये क्रियाविशेषण शिरले, की 'दे ऑलवेज कम्स' अशा प्रकारची रूपे संभवतात. प्रमाण इंग्रजीत ज्या फटीचा क्रियापदाच्या रूपावर काहीच परिणाम होत नाही, तीच फट येथे प्रत्यय ठरवते. लगतपणाची ही अट सर्व प्रदेशांत व सर्व काळांत सारख्या काटेकोरपणे पाळलेली दिसत नाही.

नियमाच्या उगमाबद्दल दोन पक्ष आहेत. वेल्श भाषेत कर्ता अनेकवचनी सर्वनाम असेल तर क्रियापद अनेकवचनी होते, पण अनेकवचनी नामासोबत ते एकवचनीच राहते. या साम्यावरून एका पक्षाने तो ब्रिटनमधील जुन्या केल्टिक भाषांचा ठसा मानला. दुसरा पक्ष त्याचे मूळ इंग्रजीच्या आपल्याच प्रत्ययझिजेत शोधतो. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लिंडिसफार्न शुभवर्तमानांच्या (लॅटिन हस्तलिखिताच्या) नॉर्थंब्रियन, म्हणजे उत्तर इंग्लंडच्या जुन्या बोलीतील, शब्दार्थटीपांमध्ये कर्त्याच्या प्रकारानुसार प्रत्यय बदलण्याची प्रवृत्ती दिसते, असे २०१४ मध्ये मार्सेल कोल यांनी दाखवले. त्यामुळे नियमाची प्राचीनता वाढली, पण वाद मिटला नाही. केल्टिक उपपत्ती कर्त्याच्या प्रकाराचा भाग चांगला उलगडते. लगतपणाच्या अटीला मात्र तिच्याकडे तितके समाधानकारक उत्तर नाही, कारण वेल्शमध्ये क्रियापद आधी आणि सर्वनाम सहसा लगोलग त्याच्यामागे येते. मध्ये फट पडण्याचा प्रसंगच विरळा.

एकाच मध्यस्थानी दोन क्रियाविशेषणे आल्यास त्यांचा क्रमही ठरलेला असतो: 'शी प्रॉबॅब्ली ऑलरेडी नोज' चालते, उलट क्रम चालत नाही. गुल्येल्मो चिंक्वे यांनी १९९९ मध्ये असा क्रम सर्व भाषांत मूलतः एकच असल्याचे मत मांडले. थॉमस अर्न्स्ट यांनी २००२ मध्ये तो अर्थावरूनच निष्पन्न होतो असे प्रतिपादिले.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्याने 'मी नेहमी चालतो' आणि 'आय ऑलवेज वॉक' यांचा पदक्रम योगायोगाने जुळतो. 'मी नेहमी वेळेवर असतो' याचे इंग्रजी रूपांतर करताना हे साम्य सुटते आणि शिकणारा 'आय ऑलवेज अ‍ॅम ऑन टाइम' असे लिहून जातो. ते वाक्य अशुद्ध नव्हे. पण कोणी तसे नसल्याचा आरोप केला असेल, तेव्हाच ते शोभते.