हिचकॉकचा जिना आणि झूम नसलेले आपले डोळे

‘टेलिफोटो लेन्स मागचं दृश्य पुढे ओढते.’ लांबचं मोठं करून दाखवणाऱ्या लेन्सबद्दल फोटोग्राफीच्या कार्यशाळांत हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की त्यावर कुणी शंकाही घेत नाही. मीसुद्धा कितीतरी वर्षं तसंच मानत होतो. पण ते चूक आहे. लेन्स काहीही ओढत नाही. समोरच्या वस्तू एकमेकींच्या तुलनेत केवढ्या दिसणार, हे फक्त एका गोष्टीवर ठरतं: तुम्ही कुठे उभे आहात. याचा मला माहीत असलेला सर्वांत सुंदर पुरावा 1958 सालच्या एका सिनेमात आहे, आणि तो जेमतेम काही सेकंदांचा आहे.

सिनेमा आल्फ्रेड हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’. सॅन फ्रान्सिस्कोचा एक पोलीस अधिकारी गच्च्यांवरून पाठलाग करताना घसरतो आणि पन्हळीला लोंबकळत राहतो. त्याला वाचवायला आलेला सहकारी खाली कोसळतो. तेव्हापासून या माणसाला उंचीची भीती बसते. पुढे तो एका जुन्या चर्चच्या मनोऱ्याचा लाकडी जिना चढतो, मध्येच खाली पाहतो, आणि पडद्यावर तो जिन्याचा चौकोनी बोगदा डोळ्यांदेखत ताणला जातो. तळ लांब पळतो, वरचे कठडे मात्र जागचे हलत नाहीत. थिएटरमध्ये बसलेल्याच्या पोटात खड्डा पडतो.

हिचकॉकचं नाव निघालं की लोक न्हाणीघरातला चाकू, पक्ष्यांचे थवे आणि उत्कंठा वाढवण्याची त्याची हातोटी यांबद्दल बोलतात. ते योग्यच आहे. माझ्या दृष्टीने मात्र त्याने मागे ठेवलेला सर्वांत टिकाऊ ठेवा म्हणजे हा ताणलेला जिना, कारण त्यात दहावीची भूमिती आणि आपला मेंदू थेट समोरासमोर येतात.

ही कल्पना त्याच्या डोक्यात बरीच वर्षं होती. फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या दीर्घ मुलाखतीत त्याने ती सांगितली आहे. लंडनच्या अल्बर्ट हॉलमधल्या एका मेजवानीत त्याला दारू चांगलीच चढली होती, आणि सगळं आपल्यापासून दूर दूर जातंय असा भास झाला. तो भास त्याला 1940च्या ‘रिबेका’मध्येच पडद्यावर आणायचा होता, पण जमलं नाही. माणूस जागच्या जागी आहे आणि तरीही अंतर वाढतंय, हे दाखवायचं कसं? उत्तर सापडायला पंधरा वर्षं लागली. कॅमेरा ट्रॉलीवर एका दिशेने न्यायचा आणि त्याच वेळी झूम उलट दिशेने करायचा. आज याला डॉली झूम म्हणतात.

यात नेमकं काय होतं ते कळावं म्हणून मी भाचीला घेऊन आमच्या इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत गेलो. तिच्या मागे बरोबर 10 मीटरवर शेवग्याचं एक झाड आहे, साधारण 6 मीटर उंच. भाची 1.6 मीटर. तिच्यासमोर फरशीवर दर मीटरला खडूने रेघ मारली. पहिल्यांदा 2 मीटरवर उभा राहिलो, फोनचा झूम 1. स्क्रीनवर भाची 8 सेंटिमीटर उंच दिसत होती, आणि तिच्या खांद्यामागचं झाड केवळ 5 सेंटिमीटर. जवळजवळ चौपट उंचीचं झाड पोरीच्या खांद्याइतकंसुद्धा नाही! मग 8 मीटरवर गेलो आणि झूम 4 केला. भाची पुन्हा बरोबर 8 सेंटिमीटर. झाड मात्र तिच्या डोक्यावर एवढं वाढलं की शेंडा फ्रेमबाहेर गेला; पूर्ण मावलं असतं तर 13 सेंटिमीटरच्या वर भरलं असतं. ती म्हणाली, “मामा, हे दोन वेगळ्या जागांचे फोटो वाटतात.”

आता हिशेब. समरूप त्रिकोण आठवा. कॅमेऱ्यातल्या प्रतिमेची उंची ही वस्तूची उंची गुणिले लेन्सचं नाभीय अंतर (झूम वाढवला की वाढतं ते हेच), भागिले वस्तूचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर, एवढी असते. भाची 2 मीटरवरून 8 मीटरवर गेली, म्हणजे अंतर चौपट, झूमही चौपट. भागाकार तोच, म्हणून भाची तेवढीच. झाडाचं अंतर मात्र 12 मीटरवरून 18 मीटर झालं, म्हणजे फक्त दीडपट. झूमने ते चौपट मोठं केलं आणि अंतराने दीडपट लहान केलं. चार भागिले दीड, म्हणजे सुमारे पावणेतीनपट वाढ.

आता झाडाच्या प्रतिमेला भाचीच्या प्रतिमेने भागा. नाभीय अंतर वर आणि खाली दोन्हीकडे आहे, ते कटतं. उरतं काय? दोघांच्या खऱ्या उंचीचं गुणोत्तर, जे बदलत नाही, आणि भाचीचं अंतर भागिले झाडाचं अंतर. पहिल्या जागी 2 भागिले 12, दुसऱ्या जागी 8 भागिले 18. म्हणजे एक-षष्ठांशाचे चार-नवमांश झाले. लेन्स समीकरणातून गळूनच पडली! झाड मोठं झालं ते मी मागे सरकलो म्हणून. झूमचं काम एवढंच की दूर गेल्यामुळे बारीक झालेलं सगळं चित्र सरसकट मोठं करून भाचीला मूळ आकारात आणायचं. खात्री करायची असेल तर 8 मीटरवरून झूम न करता फोटो काढा आणि नंतर मधला भाग कापून मोठा करा. चित्र थोडं फुटेल, पण भाची आणि झाड यांचं प्रमाण झूम केलेल्या फोटोतलंच येईल.

हीच कृती उलटी करा. 8 मीटरवरून 2 मीटरवर या आणि झूम 4 वरून 1 वर आणा. आता भाची तशीच, आणि झाड मागे मागे पळतं. मनोऱ्यातला जिना लांबताना दिसतो तो असा.

इथे एक बारकावा आहे, थोडा किचकट आहे, पण मला तो फार आवडतो. मागे जाताना 2 मीटरवरून 3 मीटरवर आलात की 2 भागिले 12 चे 3 भागिले 13 होतात, म्हणजे झाड एका पावलात जवळपास 38 टक्के वाढतं. 7 वरून 8 मीटरवर जाताना तेवढ्याच पावलात फक्त 8 टक्के. ट्रॉली एकसारख्या वेगाने ढकलली तरी परिणाम मात्र आधी धाडकन येतो आणि मग मंदावतो. उलट दिशेने आलात तर आधी हळू आणि शेवटी एकदम. त्यात झूमचा आकडा प्रत्येक क्षणी अंतराच्या निम्मा राहायला हवा, नाहीतर भाची फुगते किंवा आकसते. अंतर बदलतं म्हणून फोकसही सतत फिरवावा लागतो. ट्रॉली ओढणारा, झूम फिरवणारा आणि फोकस सांभाळणारा असे तीन हात एका तालात चालले नाहीत तर शॉट वाया. मी फोनवर अकरा प्रयत्न केले, त्यातला एक बरा आला.

ही भूमिती कळली की दरवर्षी ‘सुपरमून’च्या, म्हणजे चंद्र पृथ्वीच्या जवळ असतानाच्या पौर्णिमेच्या दिवशी मोबाइलवर फिरणाऱ्या त्या फोटोंचंही कोडं सुटतं. एखाद्या देवळाच्या शिखरामागे शिखराएवढा चंद्र! आकाशात चंद्र नेहमी सुमारे अर्ध्या अंशाएवढाच असतो. सर्वांत लहान दिसणारी पौर्णिमा आणि सर्वांत मोठी पौर्णिमा यांच्यात व्यासाचा फरक सुमारे 14 टक्के, आणि तोही शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय साध्या डोळ्यांना कळत नाही. फोटोग्राफरने काय केलेलं असतं? तो लांब गेलेला असतो. माणूस सुमारे 190 मीटरवर उभा असला की तो चंद्राच्या बिंबाएवढाच उंच दिसतो. 20 मीटरचं शिखर सव्वादोन किलोमीटरवर गेलं की तेही तेवढंच. चंद्र जवळ आलेला नसतो, शिखर दूर गेलेलं असतं. त्या रात्रीची ‘ऊर्जा’, भूकंपांची भाकितं आणि राशींवरचे परिणाम यांच्या बातम्या या फोटोंना चिकटून येतात. त्यांना कसलाही आधार नाही, आणि त्या पुढे पाठवून आपण भाबड्या माणसांना घाबरवतो.

आता पोटातल्या खड्ड्याकडे. आपल्या डोळ्यांना झूम नाही. भिंग फोकस करण्यापुरतं जाड-पातळ होतं, पण 2 मीटरवरचं दृश्य चौपट करणं त्याला जमत नाही. म्हणून आयुष्यभर आपण एकच नियम शिकलेलो असतो: पुढे गेलं की सगळंच मोठं होतं, जवळचं झपाट्याने आणि दूरचं सावकाश, मागे गेलं की सगळंच लहान होतं. डॉली झूममध्ये जवळची वस्तू सांगते, ‘तू जागचा हलला नाहीस.’ मागची वस्तू सांगते, ‘तू चाललास.’ खुर्चीत बसलेलं शरीर म्हणतं, हललोच नाही. निसर्गात असं दृश्य कधीच भेटत नाही, त्यामुळे मेंदूकडे त्याचा तयार अर्थ नसतो.

आणि खऱ्या उंचीवरही असाच विसंवाद होतो. आपण स्तब्ध उभे असतो तेव्हाही डोकं एखाद-दोन सेंटिमीटर झुलत असतं. समजा 2 सेंटिमीटर झुललं. भिंत 1 मीटरवर असेल तर ती डोळ्यांना सुमारे 1.1 अंशाने सरकलेली दिसते, म्हणजे दोन चंद्रांच्या रुंदीएवढी. डोळे ते लगेच टिपतात आणि पाय तोल सावरतात. पण कड्याच्या टोकावर जवळची भिंत नाही, सगळ्यात जवळची स्थिर वस्तू 20 मीटर खाली आहे. तिथे तेवढ्याच झुलण्याने दृश्य 0.06 अंश सरकतं, चंद्राच्या व्यासाच्या नवव्या हिश्श्याएवढं. डोळ्यांना ते जाणवणं अवघड. कानातली तोलाची यंत्रणा आणि तळपाय म्हणतात ‘झुलतोय’, डोळे म्हणतात ‘स्थिर’. झुलणं वाढतं आणि घेरी येते. उंचीवरच्या भोवळीचं हे स्पष्टीकरण थॉमस ब्रांट या जर्मन चेताशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1980च्या सुमारास मांडलं.

नाशिकजवळच्या हरिहर गडाच्या त्या जवळजवळ उभ्या पायऱ्या चढलेल्या कुणालाही हे शरीराने माहीत असतं. नजर समोरच्या दगडावर आणि बोटं कोरलेल्या खोबणीत, तोवर सगळं ठीक. मान वळवून खाली दरीत पाहिलं की पाय लटपटतात. ‘खाली बघू नका’ हा सल्ला केवळ धीर देण्यासाठी नाही. नाकासमोरच्या दगडाचं सरकणं डोळ्यांना दिसतं, आणि त्यावरूनच तोल सावरतो.

सिनेमाच्या नावामुळे एक गोंधळ मात्र जगभर पसरला. व्हर्टिगो म्हणजे उंचीची भीती नव्हे. उंचीची भीती म्हणजे अ‍ॅक्रोफोबिया, आणि नायकाला मुळात तीच आहे. व्हर्टिगो म्हणजे आपण किंवा भोवताल गरगर फिरतोय असं वाटणं. त्याचं सर्वांत नेहमीचं कारण कानात असतं. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात. ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की कूस बदलताच खोली फिरायला लागते. माझ्या मावशीला हे झालं तेव्हा घरात आधी दृष्ट काढली गेली, मग अंगारा आला, मग कुणीतरी ‘बाहेरचं’ असल्याचं सांगून गेलं. तीन आठवडे ती पलंगावरून उठायला घाबरत होती. शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे नेलं. त्यांनी तिचं डोकं काही ठरावीक कोनांतून हळूहळू फिरवलं, ते कण नलिकेतून बाहेर काढून परत मूळ जागी नेले, आणि मावशी चालत घरी आली. याला एपली पद्धत म्हणतात, अमेरिकन डॉक्टर जॉन एपली यांच्या नावावरून. तीन आठवड्यांचा तो त्रास टाळता आला असता, याची मला आजही चुटपुट आहे.

आता पुन्हा जिन्याकडे. खऱ्या जिन्याच्या माथ्यावर कॅमेरा बांधून तो वरखाली करण्याचा खर्च 50 हजार डॉलर सांगितला गेला होता. हिचकॉकने विचारलं की शॉटमध्ये माणूस नाहीच, मग जिन्याचं छोटं प्रारूप करून ते आडवं का ठेवू नये? तसंच केलं, आणि काम 19 हजारांत झालं. म्हणजे पडद्यावर जी खोल विहीर दिसते ती चित्रीकरणाच्या वेळी जमिनीवर आडवी पडलेली होती, आणि कॅमेरा सपाट जमिनीवरून सरकत होता. उंची नव्हतीच. प्रेक्षकाच्या पोटात खड्डा पाडायला दोन अंतरांचा भागाकार पुरला.

सिनेमा आला तेव्हा समीक्षकांनी त्याचं थंड स्वागत केलं. 2012 साली ब्रिटिश मासिक ‘साइट अँड साउंड’ने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा तोच पहिला आला. त्याआधी 1975 मध्ये ‘जॉज’च्या किनाऱ्यावर पोलीसप्रमुख शार्कचा हल्ला पाहतो, त्या क्षणी स्पीलबर्गने हीच युक्ती वापरली, त्याचा चेहरा जागेवर आणि मागचा किनारा दूर पळतो. आज फोनमधली अ‍ॅप हा परिणाम आपोआप देतात, आणि जाहिरातीत त्याला ‘नवा एआय इफेक्ट’ म्हणतात.

ज्याने हा शॉट प्रत्यक्ष जमवला तो पॅरामाउंट स्टुडिओचा कॅमेरामन इर्मिन रॉबर्ट्स. ‘व्हर्टिगो’च्या श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही.