यंत्राने काचेचे एलिव्हेशन: गाडी बोलावण्याआधी हे वाचा

मुंबई-पुण्याच्या टॉवरवर कारखान्यात जुळवलेली काचेची पॅनल क्रेनने उचलून थेट ब्रॅकेटवर (इमारतीला बसवलेल्या धातूच्या आधारांवर) अडकवतात. तालुक्याच्या गावातील चार-पाच मजली दुकानसंकुलासाठी आम्ही हीच पद्धत वापरतो. १.२ × २.४ मीटरच्या दुहेरी काचेचे (६ मिमी काच, १२ मिमी पोकळी, ६ मिमी काच) वजन ८६ किलोच्या आसपास भरते. बांबूच्या पायाडावरून चौघांनी ती चढवणे धोक्याचेच. गच्चीवरची विंच (दोर गुंडाळून वजन ओढणारे यंत्र) पॅनल उचलते, व्हॅक्यूम लिफ्टर (हवा ओढून काचेला चिकटणाऱ्या सक्शन कपांची पकड) धरून ठेवतो आणि दोन माणसे जागेवर बसवतात.

यंत्र चुकलेले माप मात्र दुरुस्त करत नाही. ब्रॅकेटची खाच २५ मिमीपर्यंत आत-बाहेर जुळवून घेते. स्लॅबच्या कडा त्याहून पुढे-मागे असतील तर ते ऑर्डरच्या आधीच कळायला हवे. म्हणून प्रत्येक ब्रॅकेटच्या जागी लेझरने माप घेतो. त्या दिवशी समोरचे सेंट्रिंग आणि विटांचे ढीग हटवून ठेवा.

ब्रॅकेट फक्त आरसीसी स्लॅबला किंवा बीमला. फ्लायॲश विटेतला अँकर (ब्रॅकेट धरणारा बोल्ट) आज घट्ट वाटतो, पुढे वाऱ्याच्या ओढीने सैल होतो. केमिकल अँकरचे (रसायनाने भोकात चिकटवलेल्या बोल्टचे) भोक फुंकायचे, ब्रश मारायचा, पुन्हा फुंकायचे. धूळ राहिली तर केमिकल धुळीलाच चिकटते.

धूळ लिफ्टरचीही वैरी. काळ्या मातीची पूड काचेवर असली की सक्शन कप हवा सोडतो. पॅनल पुसून, वीतभर उचलून, लिफ्टरच्या व्हॅक्यूम मीटरची सुई स्थिर दिसली तरच वर नेतो. उन्हाळ्यात दुपारी वावटळ उठते, त्यामुळे उचलण्याचे काम सकाळीच.

विंच कठड्याला बांधत नाही. ती गच्चीवर टेकूवर ठेवलेल्या दांड्याला टांगतो. २५० किलोचा भार टेकूपासून ६० सेमी बाहेर लोंबतो आणि टेकूमागचा दांडा २.४ मीटर असतो. चौपट सुरक्षितता धरली की मागे २५ किलोचे १० ठोकळे लागतात. सिमेंटची पोती नकोत, फाटली की वजन ओघळते. टेकूवर ३०० किलोहून जास्त भार येतो, म्हणून त्याखाली बीम हवा.

थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली पश्चिमेची बाजू, यांत ॲल्युमिनियमच्या तापमानात ६० अंशांचा फरक पडू शकतो. ३ मीटरचा सेक्शन (काचेच्या चौकटीची ॲल्युमिनियमची पट्टी) तेवढ्याने ४ मिमी वाढतो. त्यासाठी सोडलेला सांधा गवंड्याला सिमेंटने भरू देऊ नका. सेक्शन वाकून काच तडकते.

स्लॅब आणि काच यांमधली फट रॉकवूल (दगडापासून बनवलेली, न जळणारी लोकर) दाबून, वरून सीलंट लावून बंद करतो. खर्च वाचवायला हे काम गाळायला सांगू नका. खालच्या दुकानातला धूर आणि आग त्याच फटीतून वरच्या मजल्यावर जाते.