ज्यू समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण

ज्यू संस्थांमध्ये काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्यांना आणि संस्थाचालकांना व्यावसायिक समाजकार्य व ज्यू परंपरा या दोन्हींचे एकत्र दिले जाणारे शिक्षण. त्याची जडणघडण मुख्यतः अमेरिकेत झाली.

१८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून सुमारे २० लाख ज्यू अमेरिकेत आले. छळाला आणि दारिद्र्याला कंटाळून आलेली, यिद्दिश ही पूर्व युरोपीय ज्यूंची भाषा बोलणारी ही कुटुंबे न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत दाटीने राहत. त्यांना मदत करणारे ज्यू बहुधा जर्मन वंशाचे, आधीच स्थिरावलेले आणि भाषेने, राहणीने वेगळे. मदत पोहोचे, पण मने जुळत नसत. बॉस्टनमध्ये १८९५ साली ज्यू धर्मादाय संस्थांचा पहिला महासंघ निघाला आणि वर्गण्या एकत्र गोळा होऊ लागल्या. पैशाची व्यवस्था लागली, तसा प्रशिक्षित माणसांचा तुटवडा जाणवू लागला.

यामागे एक जुनी धारणा होती. हिब्रूतील ‘त्झेदाका’ या शब्दाचे भाषांतर आपण ‘दान’ असे करतो, पण त्याचे मूळ न्यायवाचक शब्दात आहे. गरजूला देणे हे कर्तव्य, उपकार नव्हे. बाराव्या शतकातील धर्मशास्त्रज्ञ मायमोनिडीझ याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला स्वतःच्या पायांवर उभे करणे, ही त्यांतील सर्वोच्च पायरी. आधुनिक समाजकार्याशी हा विचार सहज जुळला.

१९२५ मध्ये न्यूयॉर्कला ज्यू समाजकार्याचे स्वतंत्र विद्यालय सुरू झाले. मॉरिस कार्फ हे त्याचे संचालक. ज्यू धर्माकडे एक संपूर्ण संस्कृती म्हणून पाहणारे विचारवंत मोर्डेकाय कॅप्लन तेथे शिकवत. कुटुंबाची विचारपूस, गटकार्य, समुदाय संघटन ही तंत्रे सर्व धर्मीयांसाठी सारखीच असताना वेगळे विद्यालय कशाला, हा प्रश्न तेव्हाही विचारला जाई. प्रश्न रास्तच होता. पुढे पैशाची चणचण भासू लागली आणि १९४० मध्ये विद्यालय बंद पडले.

दुसऱ्या महायुद्धाने हा विषय पुन्हा ऐरणीवर आणला. नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यूंसाठी युरोपात कार्यकर्ते हवे होते. म्हणून ‘जॉइंट’ या अमेरिकी ज्यू मदतसंस्थेने १९४९ मध्ये फ्रान्समधील व्हर्साय येथे पॉल बेअरवाल्ड विद्यालय काढले. याच नावाचे विद्यालय १९५८ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात उभे राहिले. न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठातील समाजकार्य विद्यालय (१९५७) आज वुर्झवायलर या नावाने ओळखले जाते. त्याची ‘ब्लॉक’ पद्धत विशेष उल्लेखनीय: विद्यार्थी उन्हाळ्यात न्यूयॉर्कला वर्गात शिकत आणि उरलेले वर्ष आपापल्या गावी क्षेत्रकार्य करत. लॉस एंजेलिसच्या हिब्रू युनियन कॉलेजातील अभ्यासक्रम १९६८चा, ब्रँडाइस विद्यापीठातील हॉर्नस्टाइन अभ्यासक्रम १९६९चा. तोवर स्थलांतरितांची नातवंडे सुशिक्षित, सुखवस्तू झाली होती, त्यामुळे ज्यू ओळख टिकवणे, निधी उभारणे आणि संस्था चालवणे यांवर भर आला.

वेगळे विद्यालय कशाला, या कार्फ यांच्या काळातील प्रश्नाला सर्वांत ठोस उत्तर मात्र वृद्धसेवेत मिळते. छळछावणीतून वाचलेल्या म्हाताऱ्या माणसाला शॉवरखाली अंघोळ घालताना, रांगेत उभे करताना किंवा त्याच्या उशाशी लपवलेला पाव दिसल्यावर कसे वागायचे, हे समाजकार्याच्या तंत्रासोबत त्याचा इतिहास, म्हणजे छावणीतील शॉवरचे सोंग घेतलेल्या विषारी वायूच्या कोठड्या, निवडीच्या रांगा आणि उपासमार, ठाऊक असलेल्यालाच नीट कळते.