गोंगाट कमी, वारा तेवढाच

गोव्यातल्या ताळगावची सोसायटी असो की कांदोळीच्या रिसॉर्टची हिरवळ, पाला उडवणारा ब्लोअर सुरू झाला की आसपासच्या खिडक्या पटापट लागतात. ‘त्यापेक्षा हिरांचा खराटा बरा’ असं लोक म्हणतात, आणि घरच्या अंगणापुरतं ते खरंच आहे. पण रानातल्या जाळरेषांवरचा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळ्या राखलेल्या पट्ट्यांवरचा, वाळका पाला हटवायचा तर खराट्याने निभत नाही. मार्च 2023मध्ये म्हादई अभयारण्यात पेटलेले वणवे ज्यांनी पाहिले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून यंत्र हद्दपार करण्यापेक्षा त्याचा आवाज कसा उतरवायचा, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. उत्तर आशादायक आहे, कारण ब्लोअरच्या आवाजाचा पानं उडवायला काहीही उपयोग नसतो. पानं उडवतो तो वारा.

आवाज तीन जागी तयार होतो: इंजिनात, पंख्यात आणि नळीच्या तोंडाशी.

पेट्रोलचं टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 100 स्फोट होतात. हा 100 हर्ट्‌झचा घुमणारा आवाज चिऱ्याच्या कुंपणावरून सहज वळून पलीकडे उतरतो आणि बंद खिडकीतूनही आत येतो. बॅटरीवरच्या ब्लोअरमध्ये तो नसतोच. अमेरिकेत वॉशिंग्टन डीसी शहराने 2022पासून पेट्रोलच्या ब्लोअरवर बंदी घातली आहे.

पण बॅटरीचं यंत्रही किंचाळतंच. पंख्याचं प्रत्येक पातं एका ठरावीक जागेवरून जाताना हवेला धक्का देतं. समजा, पंख्याला 12 पाती आहेत आणि तो मिनिटाला 15,000 फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला 250 फेरे, आणि 3000 धक्के. आपला कान नेमका 2000 ते 5000 हर्ट्‌झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, त्यामुळे एकूण आवाज फार मोठा नसला तरी ही एक शीळ डोक्यात जाते.

या शिळेवर अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 2024मध्ये एक सुरेख इलाज काढला. ब्लोअरच्या नळीला बसणारा एक तुकडा त्यांनी तयार केला. त्यात हवेचा काही भाग सरळ जातो, काही भागाला गिरकी मिळते. एकूण आवाज सुमारे 2 डेसिबलने उतरला, म्हणजे ध्वनिऊर्जा 37 टक्क्यांनी कमी झाली. सर्वांत कर्कश पट्ट्यात मात्र 12 डेसिबल, म्हणजे जवळजवळ 94 टक्के घट झाली, आणि वाऱ्याचा जोर तेवढाच राहिला. 2 डेसिबल ऐकून नाक मुरडू नये. कानाला खुपतं ते नेमकं कापलं गेलं, हेच या कामाचं मोठेपण आहे.

असे इलाज लाटांच्या गणितावर चालतात. आवाजाच्या एका वाट्याला निम्म्या तरंगलांबीइतका वळसा घालायला लावला, तर तो सरळ आलेल्या वाट्याला उलटा भेटतो आणि दोघे एकमेकांना मारतात. वारा मात्र पुढे जातच राहतो. आपल्याकडच्या 30 अंशांच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 350 मीटर जातो. 3000 हर्ट्‌झसाठी निम्मी तरंगलांबी येते जेमतेम 6 सेंटीमीटर. एवढा वळसा नळीत आरामात मावतो. 100 हर्ट्‌झसाठी तीच पावणेदोन मीटर होते, ती पाठीवरच्या यंत्रात कुठे बसवणार? इंजिनाचा आवाज दाबणं कठीण आणि पंख्याची शीळ मारणं सोपं, ते यामुळे.

राहिला सुटलेल्या वाऱ्याचा फुत्कार. ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी 1952मध्ये दाखवलं, की मोकळ्या झोताची ध्वनिशक्ती वेगाच्या आठव्या घातानुसार वाढते. झोताचा रेटा मात्र क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर ठरतो. तेव्हा वेग 20 टक्के कमी करून नळीचं तोंड त्या हिशेबाने रुंद केलं, तर रेटा तोच राहून फुत्कार जवळपास 6 डेसिबलने उतरतो. वर शक्तीही कमी लागते. आणि रेटा सारखा असला की दीडदोन मीटर पुढे दोन्ही झोतांचा वेग जवळपास सारखाच होतो. तोवर आजूबाजूची हवा त्यांच्यात मिसळलेली असते. अरुंद तोंडाचा खरा उपयोग तोंडाजवळच, पावसात जमिनीला चिकटून बसलेला पाला उखडायला. सुक्या पाल्यासाठी रुंद तोंडच लावावं.

आपण शेजाऱ्यांच्या कानांबद्दल फार बोलतो. यंत्र पाठीला बांधलेल्या माणसाबद्दल क्वचितच. निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा कायद्यात आहे. पेट्रोलच्या पाठीवरच्या ब्लोअरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी 100 डेसिबलपर्यंत जाऊ शकतो, आणि कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेच्या निकषानुसार तेवढा आवाज दिवसाला फक्त 15 मिनिटं सोसावा. अनेक यंत्रांत हवा आत ओढणारी जाळी चालवणाऱ्याच्या पाठीलगत असते. पंख्याची शीळ तिथूनही बाहेर पडते, पुढच्या नळीला काहीही लावलं तरी. ती वाट वाकडी करून आतून फोमचं अस्तर दिलं तर शीळ बरीच शोषली जाते, फक्त हवेची वाट आवळली जाणार नाही इतकी रुंद ठेवावी लागते. अशी यंत्रं मिळेपर्यंत डोक्याला गुंडाळलेल्या टॉवेलवर भागवू नये. टॉवेल कान वाचवत नाही. इअरमफ वाचवतात, आणि ते यंत्राबरोबरच विकत घेऊन कामगाराला देणं मालकाचं काम आहे.